त्रेचाळिसावा दगड

लग्न झाल्यावर आमचा जोडीचा फोटो भिंतीवर लागायला सात महिने लागले. मी आळशी आहे हे आमच्या घरात सर्वमान्य आहे, पण या सात महिन्यांचा दोष माझा नाही. तो आमच्या घरमालकांचा.

बिबवेवाडीत त्यांची बैठी बंगली होती. पुढच्या तीन खोल्यांत ते एकटे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी मी हातोडी मागायला गेलो. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून पेन्सिलीला टोक काढत होते.

“हातोडी कशाला?”

“एक खिळा ठोकायचा होता.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि मी भिंतीला भगदाड पाडून आत शिरलोय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

“अहो भाडेकरू, लेखी द्या.”

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा मी अर्ज लिहिला. तो परत आला, कारण त्यात खिळ्याची लांबी नव्हती. लांबी घालून दिला, तर भिंतीची दिशा नव्हती. दिशा घातली, तर ‘खिळा काढल्यावर राहणाऱ्या भोकाचे काय करणार’ याचा उल्लेख नव्हता. मग एका सकाळी ते पाहणीला आले. बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघितली, हिनं केलेला चहा घेतला आणि गेले. तीन आठवड्यांनी दाराच्या फटीतून चिठ्ठी आली : ‘फोटो टेबलावर ठेवल्यास काय बिघडते, याचा खुलासा करावा.’ सातव्या महिन्यात परवानगी मिळाली ती एका खिळ्याची, आणि तोही दाराच्या वरच्या लाकडी पट्टीत. त्यामुळे आमचं लग्न झालेलं आहे हे पाहुण्यांना घरातून बाहेर पडताना कळायचं.

या सगळ्याला कारण होतं. मालकांचा सगळा जन्म पुरातत्त्व खात्यात नकाशे काढण्यात गेला होता. जुन्या स्मारकाला हात लावायचा नाही, रंग द्यायचा नाही, खणायचं नाही, त्याच्या आसपास काही बांधायचं नाही, हे नियम तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना वाचून दाखवले. निवृत्त झाल्यावर वाचून दाखवायला कुणी उरलं नाही, म्हणून ते स्वतःच्या घराला लावले. व्हरांड्यात त्यांच्या आरामखुर्चीभोवती गेरूची एक गोल रेघ होती. रेघेच्या आतला भाग निषिद्ध. रेघेपासून तुळशीपर्यंतचा भाग नियंत्रित. तिथे उभं राहून बोलायला हरकत नव्हती, पण टेकायचं नाही. पोस्टमन बिचारा रेघेबाहेर एक पाय ठेवून, कमरेत वाकून, हात लांब करून पत्र द्यायचा. त्याची कंबर धरली तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, “साहेब, मालक ती रेघ जरा आत नाही का घेणार?” मी म्हटलं, लेखी द्या.

त्यांना आम्ही ‘काका’ म्हणायचो. ते हिला पहिल्या आठवड्यापासून ‘सूनबाई’ म्हणू लागले. मी मात्र शेवटपर्यंत ‘भाडेकरू’. बायको सूनबाई आणि नवरा भाडेकरू, हे नातं नेमकं काय होतं ते मला आजवर उलगडलेलं नाही.

पण काकांचा खरा जीव बंगलीत नव्हता. तो होता हिंजवडीच्या पुढे, पाच-सहा मैलांवरच्या एका टेकाडात.

आज हिंजवडी म्हटलं की काचेच्या इमारती आणि कंपन्यांच्या बसगाड्या डोळ्यांपुढे येतात. मी सांगतोय तेव्हा तिथे भाताची खाचरं होती आणि एक चहाची टपरी होती, आणि टपरीवाला दुपारी झोपायचा. तिथून पुढे कच्च्या रस्त्यानं गेलं की माळावर ते टेकाड. दीड माणूस उंच. पायथ्याशी काळ्या दगडांचं गोल कडं. भोवती तारेचं कुंपण, एक लोखंडी फाटक, आणि स्मारकाला इजा करणाऱ्याला तुरुंगाची भीती घालणारी निळी पाटी. पाटीच्या सावलीत चौकीदार बसलेला. पाहणाऱ्याला यात पाहण्यासारखं काहीही नव्हतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलंसुद्धा, “स्मारक कुठाय?”

“तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे आहात,” काका म्हणाले.

तीन हजार वर्षांपूर्वी तिथे कुणाला तरी पुरलं होतं. काका नोकरीत नवे असताना खात्यानं टेकाडाच्या एका कुशीत चर खणला होता, आणि आत जे दिसलं त्याचा नकाशा काकांनी काढला होता. मग चर पुन्हा बुजवला. आत एक माणूस होता आणि त्याच्या उशा-पायथ्याशी चौदा मडकी.

“माणूस एक, भांडी चौदा,” ते हिला सांगायचे. “तेव्हा सूनबाई, तुम्ही माहेरून आणलेल्या भांड्यांबद्दल मी कधी तक्रार केली नाही. फार जुनी रीत आहे.”

त्या माणसाला ते ‘मूळ मालक’ म्हणत. कुणी घराच्या किमतीच्या गप्पा मारायला लागलं की म्हणायचे, “मूळ मालकांना बघा. तीन हजार वर्षं एकाच पत्त्यावर. पाण्याची तक्रार नाही, शेजाऱ्याशी भांडण नाही.” एकदा मी नको तिथे डोकं चालवून म्हटलं, “ते मेलेत, काका.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “ती अट भाडेकरूंनाही घालावी असं कधीकधी मनात येतं.”

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही टेकाडावर जायचो. करारात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण माझ्याकडे स्कूटर होती. काका मागच्या सीटवर ताठ बसायचे, गुडघ्यावर काठी आडवी. सबंध रस्ताभर एकच शब्द : “सावकाश.” मी चहाला थांबलो तरी म्हणायचे, “सावकाश.”

तिथे पोचलं की आधी दगड मोजायचे. काठीचं टोक एकेका दगडाला टेकवत ते कड्याभोवती फिरायचे. सुरुवात कुठून करायची याला नियम नव्हता. “गोलाला कसली आलीय सुरुवात? जिथे उभे असाल तिथून.” मी तोवर पाटीच्या सावलीत चौकीदाराशेजारी बसायचो. दगड त्रेचाळीस होते. त्रेचाळीस भरले की काका काठी जमिनीवर दोनदा आपटायचे, टेकाडाकडे बघून मान लववायचे, आणि मग बरोबर शंभर पावलं चालून कुंपणापासून दूर एका बाभळीखाली बसायचे. स्मारकाच्या आवारात खाणं-पिणं मना. हिनं दिलेली थालीपिठं आणि दही आम्ही तिथे खायचो. खाऊन झालं की सांडलेला कण न् कण वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात.

“राहू द्या ना काका, मुंग्या खातील,” मी म्हणायचो.

“आणि मुंग्यांनी नाही खाल्ले तर? तीन हजार वर्षांनी कुणीतरी उकरेल आणि लिहील की या भागातले लोक थालीपीठ करपवून खात.”

हे मी घरी येऊन हिला सांगायची चूक एकदाच केली. पुढच्या रविवारी डब्यात पाव होता.

त्रेचाळीसची एक गोष्ट काकांनी फक्त मला सांगितली होती, त्याच बाभळीखाली, दही संपवताना. त्यांचे वडील शेवटची सहा वर्षं स्वतःच्या मुलाला, म्हणजे काकांना, रोज सकाळी विचारायचे, “आपण कुठले?” आणि काका रोज नव्यानं ओळख करून द्यायचे. काकांना तेच भय होतं. इंदूरची मुलगी दर पत्रात ‘आता इकडे या’ लिहायची. काकांनी तिला कळवलं होतं की डोकं शाबूत आहे तोवर मी इथून हलणार नाही. आणि डोकं शाबूत आहे की नाही हे डॉक्टरनं ठरवायचं नव्हतं. ते त्या दगडांनी ठरवायचं होतं.

“ज्या दिवशी त्रेचाळीस भरणार नाहीत, त्या दिवशी घर विकायचं आणि इंदूरला जायचं,” ते म्हणाले. “डबा बंद करा. माशा येतायत.”

आता माझं कर्तृत्व सांगतो.

त्या हिवाळ्यात माझ्या स्कूटरचं स्टँड मोडलं होतं. फाटकापाशी रस्त्याला उतार, गाडी उभी राहीना. काकांची मोजणी झाली होती आणि ते पाठमोरे, पावलं टाकत बाभळीकडे निघाले होते. मी इकडेतिकडे पाहिलं. चौकीदार पाटीखाली डुलक्या घेत होता. फाटकाच्या आत, कड्यापासून चांगला पंधरा-वीस हात लांब, गवतात एक दगड एकटाच पडला होता. पावाच्या लादीएवढा, चपटा, एका बाजूनं जरा खोलगट. चाकाखाली असा बसला की जणू स्कूटरबरोबर कारखान्यातूनच आला असावा. निघताना वाटलं, इतका चांगला दगड बिबवेवाडीत कुठून मिळणार? काका अजून बाभळीखाली कण वेचत होते. टाकला डिकीत.

आठवडाभर तो आमच्या दारात चाकाखाली होता. मग स्टँड दुरुस्त झालं आणि दगड बेकार झाला. पण आमच्या घरात बेकार फार दिवस कुणाला बसू देत नाहीत. ही तेव्हा आवळे घालत होती. मिठाच्या पाण्यात हळद, हिंग, मोहरी आणि आवळे; आवळे वर तरंगू नयेत म्हणून त्यावर दडपण लागतं. हिनं तो दगड घासूनपुसून उन्हात वाळवला आणि बरणीत ठेवला. “काय सुरेख बसलाय,” ही म्हणाली. माझ्या निवडीचं तिनं केलेलं ते पहिलं आणि आतापर्यंतचं शेवटचं कौतुक.

पुढचा पहिला रविवार आला. काका काठी टेकवत फिरले आणि थांबले. पुन्हा फिरले, उलट बाजूनं. मग मला म्हणाले, “तुम्ही मोजा.” माझे एकेचाळीस भरले. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा बेचाळीस.

“फाटकापाशी एक असतो,” काका म्हणाले. “कड्यातून कधीतरी घरंगळलेला. चपटा.”

चौकीदार पाटीखालून उठून आला. काकांच्या नोकरीपासूनचा तो माणूस, पन्नाशी उलटलेला.

“काय रे, इथला दगड कुठे गेला?”

चौकीदार फाटकाकडे न बघता म्हणाला, “हितं कुटला दगुड, सायेब?”

“इथे. गवतात. चपटा.”

“न्हाई सायेब. हितं कदीच नव्हता. बेचाळीसच हायती. पयल्यापासनं.”

“पहिल्यापासून?”

“व्हय जी.”

काका त्या गवताकडे खूप वेळ बघत राहिले. काठी आपटली नाही, मान लववली नाही. मग त्यांनी मला नावानं हाक मारली. माझं नाव त्यांना ठाऊक आहे हेच मला तेव्हा कळलं. “चला,” म्हणाले. डबा तसाच परत आला.

परतीच्या रस्त्यावर मी स्कूटर मुद्दाम जोरात घेतली. मागून ‘सावकाश’ आलं नाही.  आणि कात्रजच्या बाजूला वळताना ब्रेक दाबला तेव्हा, म्हणजे फार उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला. चपटा. गवतात. फाटकापाशी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या समाधीचा त्रेचाळिसावा दगड आमच्या स्वयंपाकघरात आवळे दाबून बसला होता.

इथे एखादा सज्जन माणूस काय करतो? घरी पोचताच सांगून टाकतो. मी तीन आठवडे काहीही केलं नाही. निळी पाटी डोळ्यांपुढून हलेना. तुरुंगाची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर घराची अधिक होती. एका खिळ्यासाठी सात महिने घेणारा माणूस आख्ख्या दगडासाठी काय करेल? पुण्यात त्या भाड्यात दुसऱ्या दोन खोल्या मिळणं अवघड, आणि हिला तेव्हा चौथा महिना होता. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. रोज जेवताना बरणीकडे पाठ करून बसायचो. पानात आवळा मात्र वाढून घ्यायचो, हे हिनं नंतर सगळ्या नातेवाइकांना सांगितलेलं आहे.

तिकडे काका बदलत चालले. त्यांनी बोलणं कमी केलं. पेन्सिलींना टोक काढणं थांबलं. एकदा पाहिलं तर ट्रंक उघडी ठेवून बसले होते. मग एका संध्याकाळी मी कचेरीतून घरी आलो तर ही दारातच उभी. चेहरा उतरलेला.

“अहो, काका आले होते.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, सूनबाई, फोटो भिंतीवर छान दिसेल. खिळा ठोका.”

“मग?”

“मग काय? हातोडी देऊन गेले.” तिनं हातोडी पुढे केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आणि बाहेर जाऊन बघा.”

मी व्हरांड्यात गेलो. आरामखुर्चीभोवतीची गेरूची रेघ पुसलेली होती. ओल्या फडक्यानं, नीट, चारी बाजूंनी.

त्या रात्रीचं जेवण होण्याआधीच मी हिला सगळं सांगितलं. ती पूर्ण ऐकेपर्यंत थांबली, जे आमच्या संसारात फार वेळा घडलेलं नाही.

“आवळ्यावरचा?”

“हो.”

“आणि तीन आठवडे तुम्ही तो माणूस नुसता बघत बसलात?”

“मी योग्य वेळेची वाट बघत होतो.”

तिनं बाही वर सरकवून दगड बरणीतून काढला, तीनदा घासला. काळा दगड मधून पिवळा पडला होता. “हळद आहे, नाही जायची,” ती म्हणाली. “उद्या अर्धी रजा काढा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चोरासारखा गेलो. खरं तर चोर उलट दिशेनं जातात. सुदैवानं पाटीखाली चौकीदार नव्हता. दगड होता तिथे, गवतात ठेवला, खोलगट बाजू खाली. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. तीन हजार वर्षांचा वाटत होता. जरासा हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा, इतकंच.

आता काकांना टेकाडावर न्यायचं होतं. ते तयार होईनात. “मोजायचं काम संपलं,” म्हणाले. “मुलीला पत्र लिहिलंय. टाकायचं तेवढं राहिलंय.” पत्र सदऱ्याच्या खिशातून डोकावत होतं.

मग ही पुढे झाली. “काका, पाच वर्षं होत आली, तुम्ही मला एकदाही नेलं नाहीत. आता तुम्ही गेल्यावर मला कोण दाखवणार? हे?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते पटलं.

तिघांना स्कूटर पुरणार नव्हती, म्हणून आम्ही सिटी बसनं हिंजवडीपर्यंत गेलो आणि पुढे एका बैलगाडीवाल्यानं सोडलं. काका सबंध वाटेत हिला खाचरं दाखवत होते, पण आवाजात नेहमीचा खवचटपणा नव्हता. फाटकाशी चौकीदार उभा होता. त्यानं आम्हाला पाहून नमस्कार केला आणि लगेच मान खाली घातली. मला वाटलं, यानं मला त्या दिवशी पाहिलेलं दिसतंय.

“मोजा ना काका,” ही म्हणाली.

“काय करायचंय?”

“मला ऐकायचंय.”

सुनेच्या नात्याचा मान राखायचा म्हणून काका निघाले. काठी टेकत गेली. आम्ही तिघं, ही, मी आणि चौकीदार, श्वास रोखून मागे. तीस. पस्तीस. चाळीस. बेचाळीसला कडं संपलं. काका फाटकाकडे वळले आणि थबकले. वाकले. काठी टेकवली.

“त्रेचाळीस,” ते हळूच म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. पण काठी पुढे सरकली. चार हात पलीकडे, गवतात, आणखी एक दगड होता. चपटा. साधारण तेवढाच.

“चव्वेचाळीस.”

 दूर कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मी हिच्याकडे पाहिलं. तिनं ‘मी नाही’ अशी मान हलवली. मी चौकीदाराकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम.

काका दोन दगडांच्या मध्ये उभे होते. एकदा इकडे, एकदा तिकडे बघत. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढे झालो. ते हसत होते. पाच वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यामुळे ते हसणं आहे हे ओळखायला वेळ लागला.

“चव्वेचाळीस, अहो भाडेकरू,” ते डोळे पुसत म्हणाले. “म्हणजे बेचाळीस बरोबर होते. आणि त्याआधीचे त्रेचाळीसही बरोबर होते. डोकं जागेवर आहे. फक्त आजूबाजूला चोर फार झालेत.”

मग ते खाली बसले, सरळ गवतात, निषिद्ध क्षेत्रात. दुसरा दगड उचलून त्यांनी त्यावर अंगठा घासला. अंगठ्याला पांढरट बुळबुळीत काहीतरी लागलं.

“साबण,” ते म्हणाले. “तीन हजार वर्षांपूर्वी साबण नव्हता. काय रे?”

चौकीदार मटकन खाली बसला. “घरचा हाय सायेब. धुन्याचा.”

“का आणलास?”

“दगुड गेला म्हनलं आस्तं तर माजी नोकरी जाती, सायेब. म्हनून बोललो, नव्हताच. तुमी लगीच पाठ फिरवून गेलात. म्हनलं रागावलं आस्तील, इत्याल पुना. तर महिना झाला तरी तुमी न्हाई.” त्यानं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. “मला झोप लागंना. म्हनलं, ठिवावा येक. रातच्या अंदारात आनून ठिवला. चार दिस झालं, कारभारीन पानवठ्यावर मला शिव्या घालतीय. धुनं कशावर आपटू, म्हनती.”

काकांनी मान डोलावली. मग पहिला दगड उचलला. माझा. म्हणजे मूळ मालकांचा. उन्हात त्याचा पिवळा डाग छान उठून दिसत होता.

“कुनी पूजा केली आसंल सायेब,” चौकीदार माझ्या मदतीला धावला. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. “हळद व्हायली आसंल.”

काकांनी दगड नाकाशी नेला. डोळे मिटून दीर्घ वास घेतला.

“पूजेत हिंग कधीपासून घालायला लागले?”

मी निळी पाटी वाचायला लागलो. काका माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. ते हिला म्हणाले, “सूनबाई, आवळे कसे झालेत?”

“थोडे मऊ पडलेत, काका,” ही म्हणाली. “दडपण नाही ना आता वर.”

“हं,” काका म्हणाले. “घरी गेल्यावर एक वाटी द्या.”

आम्हाला घर सोडावं लागलं नाही. शिक्षा मात्र झाली. धुण्याचा दगड चौकीदाराच्या घरी परत पोचवायचा होता, आणि तो मी न्यायचा असं ठरलं. अर्धा मैल. तो वर्षानुवर्षं धुणं आपटून गुळगुळीत झालेला, त्यात साबणाचा; हातातून निसटायचा. शेवटी मी खांद्यावर घेतला. गावातून जाताना पोरं-बाया बघत होत्या. पुढे काका काठी टेकत, मागे मी, माझ्या मागे ही आणि चौकीदार. चौकीदाराच्या बायकोनं दगड पाहून पदर सावरला आणि म्हणाली, “आनला का मेल्यानं?” ते माझ्यासाठी होतं की नवऱ्यासाठी, हे मी विचारलं नाही. चहा मात्र तिनं सगळ्यांना दिला, आणि काकांनी तो बशीत ओतून, भुरके मारत घेतला.

येताना बाभळीखाली बसलो. थालीपिठं होती. खाऊन झाल्यावर काकांनी सवयीनं वर्तमानपत्र शोधलं. त्या दिवशी कुणी आणलंच नव्हतं. मग त्यांनी खिशातलं मुलीचं पत्र काढलं, उलगडलं, सगळे कण त्यावर नीट गोळा केले, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात गेरूची नवी रेघ होती. आधीपेक्षा वीतभर मोठी. पोस्टमननं मला पाहून नुसता हात जोडला. आणि आमच्या दाराच्या फटीत चिठ्ठी होती : ‘खिळ्याबाबत दिलेली तोंडी परवानगी रद्द समजावी. हातोडी परत करावी.’ ही ती चिठ्ठी वाचून इतकी खूश झाली की तिनं शिरा केला.

त्यानंतर आम्ही आठ वर्षं तिथे राहिलो. आमची मुलगी त्या रेघेवरून चालायला शिकली. रेघेवर चालायला बंदी आहे की नाही याबद्दल नियम गप्प होता, आणि काकांनी तो बोलका केला नाही. पुढे आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. काका त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या रेघेत, शेवटपर्यंत राहिले. इंदूरला गेले नाहीत. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी डोळे उघडून विचारलं, “कोण?” मी वाकून नाव सांगायला लागलो. मग म्हणाले, “भाडेकरू होय? जरा उजेडातून बाजूला व्हा.”

ते गेल्यावर महिन्याभरानं त्यांची मुलगी घरी आली. हातात पत्र्याची एक लांब नळी. “बाबांनी तुमच्यासाठी ठेवलंय,” म्हणाली. आत नकाशा होता. टेकाडाचा, काळ्या शाईत, त्यांच्या त्या मुंगीच्या पावलांएवढ्या सुबक अक्षरात. उत्तर दिशेचा बाण, माप, बाभळीचं झाड, फाटक, चौकीदाराची जागा. दगड त्रेचाळीस, प्रत्येकाला क्रमांक. खाली कोपऱ्यात टीप. टीप एकाच दगडाबद्दल होती :

‘क्र. ४३ : मध्यंतरी काही दिवस मुक्काम बिबवेवाडी. पाहुणचार चांगला झाला. प्रकृती उत्तम.’

मी अजूनही जमेल त्या रविवारी जातो. कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत पोचायला आता दुप्पट वेळ लागतो, आणि मला दोनदा मोजावं लागतं, पण भरतात. नकाशाला मी चांगली फ्रेम करून घेतली आहे. आमच्या दिवाणखान्याची भिंत मोठी आहे, रिकामी आहे, माझ्या मालकीची आहे. मुलगी दर वेळी घरी आली की विचारते, बाबा, हे वर लावत का नाही तुम्ही?

तो टेबलावर आहे. भिंतीला टेकून. त्यानं काय बिघडतं?